हार्ड डिस्कच्या पोटातलं यंत्रकाम

कुपवाड एमआयडीसीत लेथवर शाफ्ट कापणाऱ्याला दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तेवढं जास्त कापलं गेलं की बेअरिंग ढिलं बसतं आणि जॉब रिजेक्ट होतो. हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी आणि तिच्यावरची माहिती वाचणारं-लिहिणारं हेड यांच्यातली फट काही नॅनोमीटरच असते, म्हणजे मायक्रॉनच्या शंभराव्या भागाहूनही कमी. ही फट कोणी मापून कापलेली नसते. ती फट राखते हवा.

साडेतीन इंची डिस्कमधली तबकडी सुमारे 95 मिलिमीटर व्यासाची असते. मिनिटाला 7200 फेरे घेताना तिची कड ताशी 129 किलोमीटरच्या आसपास वेगाने पळते. सातारा-कराड हायवेवर या वेगाला दंडाची पावती ठरलेली. तबकडी आपल्यासोबत हवा ओढते. ती हवा हेडच्या तळाशी कोरलेल्या खाचांत दाबली जाऊन हेड वर उचलते, तर स्टेनलेस स्टीलची पातळ पट्टी त्याला खाली रेटते. दोन्ही बलं जिथे जुळतात तिथे हेड तरंगतं.

मला जास्त रस आहे तो स्पिंडलमध्ये, म्हणजे तबकडी ज्यावर फिरते त्या आसात. पूर्वी त्यात बॉल बेअरिंग असायचं. गोळ्या कितीही गुळगुळीत असल्या तरी त्यांच्यामुळे होणारा डगमग दर फेऱ्याला सारखा नसतो. दर फेऱ्याला तसाच होणारा डगमग चालतो, कारण डिस्कचं कंट्रोल सर्किट तो ओळखून हेड धरणारा आर्म आधीच तेवढा सरकवतं. न ठरणाऱ्या डगमगाला उपाय नाही. म्हणून गोळ्या गेल्या आणि शाफ्टभोवती तेलाचा पातळ थर आला. आवाजही कमी झाला, पण तो वरकड फायदा.

उष्णतेचंही तसंच. पाच सेंटिमीटरचा ॲल्युमिनियमचा आर्म एका अंशाने तापला तर मायक्रॉनभर वाढतो, आणि आजच्या ट्रॅकची, म्हणजे तबकडीवर माहिती लिहिलेल्या वर्तुळाची, रुंदी मायक्रॉनच्या दहाव्या भागाहून कमी! तबकडीही पसरते, पण दोघांचं पसरणं तंतोतंत जुळत नाही. सांगलीचा मे महिना तर सोडाच. त्यामुळे तबकडीवर कारखान्यातच खुणा लिहिलेल्या असतात. हेड त्या वाचत स्वतःची जागा सतत सुधारत राहतं.

साध्या डिस्कला श्वास घ्यायला फिल्टर लावलेलं बारीक छिद्र असतं. ते झाकू नये. साधारण 3000 मीटरपर्यंतची विरळ हवा हेडला पुरते, त्यामुळे महाबळेश्वरला काळजी नाही. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, ती मर्यादा ओलांडलेली असते.

2013 साली एचजीएसटी या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपनीने हेलियम भरलेली डिस्क बाजारात आणली. हेलियमची घनता हवेच्या सातव्या हिश्श्याइतकी, त्यामुळे आर्मला हादरे कमी बसतात आणि तेवढ्याच डब्यात सात तबकड्या मावल्या. अडचण डब्याचीच होती. तो ॲल्युमिनियमचा ओतीव. किर्लोस्करवाडीपासून कुपवाडपर्यंत फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही कास्टिंगमधली ब्लोहोल, म्हणजे वायू अडकून राहिलेली बारीक छिद्रं, ठाऊक असतात. पंपाचं कास्टिंग पाण्याच्या दाबाखाली गळलं नाही की पास होतं. हेलियम मात्र पाणी अडतं तिथूनही निसटतो, आणि इथे तो वर्षानुवर्षं आत टिकायला हवा.