कैफियत, प्रतिवादी कंपनीची

कैफियत, प्रतिवादी कंपनीची : कंपनीविरुद्ध दाखल झालेल्या दिवाणी दाव्यातील वादपत्राला (वादीच्या लेखी मागणीला) तिने द्यावयाचे लेखी उत्तर. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ८ त्याला लागू होतो.

‘कैफियत’ हा शब्द अरबी ‘कैफ’ (कसे) यापासून फारसीमार्गे मराठीत आला. जुन्या दफ्तरांत गावाच्या, घराण्याच्या वा वतनाच्या हकीकतीलाही कैफियत म्हणत. न्यायालयीन अर्थ त्यातूनच रुळला असावा; अदालतींच्या फारसीतून तो स्वतंत्रपणे आला, असेही म्हणता येईल. वतनाच्या तंट्यांत दोन्ही बाजूंच्या हकीकती लिहून घेण्याची पेशवेकालीन रीत पाहता पहिले मत अधिक पटते.

मुदत : समन्स बजावल्यापासून ३० दिवस; कारणे नोंदवून न्यायालय ती ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. ही ९० दिवसांची मर्यादा बंधनकारक की केवळ मार्गदर्शक, हा वाद २००२ च्या दुरुस्तीनंतर उभा राहिला. कैलाश विरुद्ध नन्हकू (२००५) या निवाड्यात ती मार्गदर्शक ठरली, पण मुदतवाढ अपवादानेच द्यावी असेही सांगितले गेले. वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ खालील (म्हणजे व्यापारी व्यवहारांतील) दाव्यांत (२०१८ पासून वादमूल्य किमान ३ लाख रुपये) १२० दिवसांनंतर कैफियतीचा हक्कच जातो. एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स (२०१९) निवाड्याने हे पक्के केले. म्हणून दावा वाणिज्यिक आहे का, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. तसा असून वादीने तातडीचा अंतरिम दिलासा मागितला नसेल, तर त्याच अधिनियमाच्या कलम १२अ खालील दावापूर्व मध्यस्थी झाली होती का, हेही पाहावे. ती टाळलेली असल्यास वादपत्र फेटाळण्याचा अर्ज करता येतो.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला सर्वसाधारण मूळ दिवाणी अधिकारिता, म्हणजे दावा प्रथम स्वतःच चालवण्याचा अधिकार, नाही (ती मुंबईपुरती आहे). त्यामुळे येथील दावे जिल्हा पातळीवरील न्यायालयांत चालतात. नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्याचे नोंदणीकृत कार्यालय अनेकदा दुसऱ्या शहरात असते. आदेश २९ प्रमाणे समन्स सचिव, संचालक किंवा अन्य प्रमुख अधिकाऱ्यावर, अथवा नोंदणीकृत कार्यालयी बजावता येते. पाकीट आवक विभागात आठवडाभर पडून राहिले, तरी दिवस मोजले जातच राहतात. पाकिटासह तारखेचा शिक्का जपावा आणि वादपत्राची प्रत जोडपत्रांसह मिळाली का ते तपासावे.

करारात लवादाचे कलम असल्यास लवाद अधिनियम, १९९६ च्या कलम ८ खालील अर्ज दाव्याच्या विषयावरील पहिल्या निवेदनाच्या तारखेपर्यंतच करता येतो. कैफियत आधी दाखल करून नंतर लवाद आठवणे ही नेहमीची चूक.

मसुदा : ‘परिच्छेद ४ मधील मजकूर खोटा असून नाकबूल’ एवढ्याने भागत नाही. नेमकेपणाने न नाकारलेली गोष्ट कबूल धरली जाऊ शकते (आदेश ८, नियम ५). वाणिज्यिक दाव्यात नाकारण्याचे कारण आणि स्वतःची हकीकत वेगळी असेल तर तीही मांडावी लागते (आदेश ८, नियम ३अ). शिवाय सत्यतेचे निवेदन जोडावे लागते. वजावट (वादीकडून येणे असलेली रक्कम वळती करण्याची मागणी) आणि प्रतिदावा (वादीवरचा उलट दावा) याच टप्प्यावर मांडावेत. सही करणारा अधिकारी पुढे साक्ष देऊ शकेल असा असावा. बदलीच्या वाटेवरचा नको.

पुरावा : समन्स येताच ईमेल व व्हॉट्सअॅप संदेश आपोआप पुसले जाणे थांबवावे आणि खरेदी, भांडार, लेखा या विभागांना तसे लेखी कळवावे. इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. त्यात हॅश मूल्य (नोंदीचा अंकीय ठसा) द्यावे लागते. प्रमाणपत्राचा भाग ‘अ’ पक्षकाराचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा.

पगारी विधी अधिकारी : पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही (बार कौन्सिल नियम ४९), म्हणून वकालतनामा बाहेरच्या वकिलाचा. अशा अधिकाऱ्याच्या सल्ल्याला गोपनीयतेचे संरक्षण आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने विजय मेटल वर्क्स प्रकरणात मानले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मात्र वकिलाचा विशेषाधिकार (अशिलाशी झालेला संवाद गोपनीय राखण्याचा) अशा अधिकाऱ्याला नाकारला. कंपनी आणि तिचा विधी अधिकारी यांच्यातील पत्रव्यवहारालाही संरक्षण मिळत नाही, असे म्हटले. त्यामुळे चुकांची कबुली देणारी अंतर्गत टिपणे लिहिण्याआधी बाहेरचा वकील नेमणे श्रेयस्कर.