आत्महत्या प्रतिबंध, वयोगटनिहाय (खानदेश)

आत्महत्येचा विचार, प्रयत्न आणि मृत्यू यांचे वयानुसार बदलणारे स्वरूप अभ्यासून त्याप्रमाणे उपाय ठरवणारे सार्वजनिक आरोग्याचे क्षेत्र. येथे त्याचा विचार जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या, म्हणजे खानदेशाच्या, संदर्भात केला आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या व त्यांत सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रात होत्या. हे आकडे पोलिसांच्या नोंदींवर आधारलेले आहेत. घराण्याची अब्रू आणि चौकशीची धास्ती यांमुळे काही मृत्यू ‘अपघाती’ ठरतात, हे ते वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

किशोरवयाबाबतचा भक्कम पुरावा युरोपातील आहे. दहा देशांतील सुमारे अकरा हजार विद्यार्थ्यांवरील व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मुलांनाच ताण, नैराश्य व मदत मागणे यांविषयी बोलते करणाऱ्या वर्गांनंतर वर्षभरातील प्रयत्नांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. केवळ शिक्षकांना दिलेल्या प्रशिक्षणाचा तसा ठळक परिणाम दिसला नाही. सातपुड्यातील आश्रमशाळांत मूल घरापासून दूर राहते, आणि तेथे हा फरक अधिकच महत्त्वाचा मानावा लागेल.

कर्त्या वयात कर्ज, कौटुंबिक कलह व दारू यांची गुंतागुंत असते; कापूस आणि केळी पिकवणाऱ्या भागात तिच्याकडे केवळ नापिकीच्या चष्म्यातून पाहिले जाते. सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरीण मात्र नोंदीत ‘गृहिणी’ म्हणून येते आणि शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेतून निसटते. क्षणिक आवेग आणि हाताशी असलेले कीटकनाशक यांची गाठ तोडणे हा सर्वांत परिणामकारक उपायांपैकी एक आहे: श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे दोन दशकांत ७० टक्क्यांच्या आसपास घटले, आणि त्यासाठी शेतीच्या उत्पन्नाची किंमत मोजावी लागल्याचे आढळले नाही.

वृद्धांमध्ये प्रयत्न तुलनेने कमी, परंतु ते जिवावर बेतण्याचे प्रमाण अधिक असते. त्यांचे नैराश्य दवाखान्यात बहुधा कंबरदुखी, निद्रानाश किंवा भूक मेल्याच्या तक्रारीतून प्रकट होते. ‘गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटले का’ या प्रमाण मराठी प्रश्नाला नकार देणारी आजी ‘माले करमत नही’ असे अहिराणीत सहज सांगून जाते. म्हणून प्रश्नावल्या अहिराणीत, तसेच नंदुरबारच्या भिली बोलींत, नुसत्या भाषांतरित करून भागत नाही, त्या तेथील लोकांवर तपासून घ्याव्या लागतात.

प्रयत्नातून वाचलेल्यांना पुन्हा धोका असतो. चेन्नईसह पाच देशांतील केंद्रांत झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रुग्णालयातील तासाभराची माहिती आणि नंतर दीड वर्ष भेटी किंवा फोन मिळालेल्या गटात आत्महत्येने झालेले मृत्यू ०.२ टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के होते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ अशा व्यक्तीला तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरून शिक्षेपासून संरक्षण देतो आणि तिच्या काळजीची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.