पत्रमैत्री

ज्यांची कधी भेट झालेली नाही अशा दोघांनी टपालाने जोडलेली आणि टपालावरच टिकवलेली मैत्री म्हणजे पत्रमैत्री. ती कोणत्याही वयात होऊ शकते. पण विसाव्या शतकात तिला खरा बहर आला तो साधारण १० ते २० वर्षांच्या मुलामुलींमध्ये. ‘पत्रमित्र’, ‘पत्रमैत्रीण’ हे शब्द छापील मजकुरात रुळले, बोलताना मात्र बहुतेक मुले ‘पेनफ्रेंड’च म्हणत.

वरकरणी हे नाते दोघांचेच असते. प्रत्यक्षात अनोळखी मुलीचा पत्ता आपसूक हाती येत नाही. तो कोणीतरी मिळवून द्यावा लागतो. वर्गात नावांची यादी घेऊन येणारे शिक्षक, मासिकातले पत्रमैत्रीचे सदर, आवडीनिवडी पाहून नावे जुळवणारी संस्था, यांपैकी एकजण बहुतेक वेळा या मैत्रीच्या मुळाशी असतो. पत्रमैत्रीबद्दल लिहिताना या मध्यस्थांचा फारसा उल्लेख होत नाही, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

याचे सर्वांत हृद्य उदाहरण अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील डॅनव्हिल या छोट्या गावातले आहे. तेथील शिक्षिका बर्डी मॅथ्यूज आपल्या विद्यार्थ्यांना परदेशी मुलांची नावे देत आणि पत्रे लिहायला लावत. हुआनिता वॅग्नर या दहा वर्षांच्या विद्यार्थिनीने यादीतून ॲम्स्टरडॅमची एक समवयस्क मुलगी निवडली. ती ॲन फ्रँक होती. हुआनिताने आपल्या घराबद्दल आणि मोठी बहीण बेटी हिच्याबद्दल लिहिले. उत्तरादाखल ॲनचे आणि तिची मोठी बहीण मार्गॉट हिचे, अशी दोन इंग्रजी पत्रे आली. ॲनच्या पत्रावर २९ एप्रिल १९४० ही तारीख आहे. शाळा, वाढदिवस, चित्रकार्डे जमवण्याचा छंद असा कोणत्याही पहिल्या पत्रात असतो तसाच मजकूर तिने लिहिला आणि संग्रहातले एक कार्डही सोबत धाडले. युद्धाची चाहूल लागते ती चौदा वर्षांच्या मार्गॉटच्या पत्रात: आपला देश लहान, सीमा जर्मनीला लागून, त्यामुळे सुरक्षित वाटत नाही, असे ती लिहिते. १० मे रोजी जर्मनीने नेदरलँड्सवर हल्ला केला. वॅग्नर बहिणींनी उत्तरे पाठवली, पण ॲम्स्टरडॅमहून पुन्हा पत्र आले नाही. युद्ध संपल्यावर बेटीने जुन्याच पत्त्यावर चौकशी केली, तेव्हा मुलींचे वडील ऑटो फ्रँक यांनी उत्तर लिहून दोघींच्या मृत्यूची बातमी कळवली. १९८८ मध्ये या पत्रांचा लिलाव झाला आणि पुढे ती लॉस एंजेलिसच्या सायमन विझेन्थल सेंटर या ज्यूंच्या नरसंहाराची स्मृती जपणाऱ्या संस्थेकडे गेली. लपून राहिलेल्या ॲनने आपली डायरी ‘किटी’ या कल्पित मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात ठेवली, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच. तिने खऱ्या मैत्रिणीला लिहायला सुरुवात केली होती, हे त्या मानाने कमी जणांना माहीत असते.

युद्धानंतर हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. फिनलंडमधील तुर्कू शहरात १९५२ मध्ये ‘इंटरनॅशनल यूथ सर्व्हिस’ स्थापन झाली. तिच्या फॉर्मवर वय आणि कोणत्या देशातला मित्र हवा ते लिहायचे, थोडे शुल्क भरायचे, की पत्ता येई. इंटरनेटमुळे मागणी आटत गेली आणि २००८ मध्ये संस्थेने काम थांबवले.

दुसरा आधार टपालखात्यांचा. परदेशी पत्राचा खर्च शाळकरी मुलाला जड जाई. समोरच्याला उत्तराचे तिकीट पाठवावे, तर आपले तिकीट त्याच्या देशात चालत नाही. यावर उपाय म्हणून जागतिक टपाल संघाच्या १९०६ च्या रोम अधिवेशनात आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपनाची योजना मंजूर झाली: आपल्याकडे विकत घेतलेले कूपन परदेशी पोस्टात देऊन तिथले तिकीट मिळे. त्याहून स्वस्त मार्ग एरोग्रामचा. घडी घालून चिकटवायचा हा पातळ कागद म्हणजेच पत्र आणि पाकीट. आत मात्र फोटो किंवा काही घालायची मुभा नाही. देशातल्या देशात तेच काम निळे अंतर्देशीय पत्र करी. ते भारतात १९५० मध्ये आले.

पहिली पत्रे सगळीकडे जवळपास सारखीच असत: नाव, इयत्ता, भावंडे, छंद, गावाचे वर्णन. मराठी माध्यमाच्या मुलाला ती इंग्रजीत लिहिताना शब्दकोश जवळ घेऊन बसावे लागे, आणि इंग्रजी सुधारेल म्हणून घरची परवानगीही लवकर मिळे. पाकिटावरची परदेशी तिकिटे गरम पाण्यात सोडवून वहीत लावली जात. पाच-सहा पत्रांनंतर सूर बदलतो. परीक्षेची भीती, आईवडिलांशी खटके, कोणीतरी आवडू लागणे, या गोष्टी शेजारच्या मैत्रिणीला सांगितल्या तर त्या संध्याकाळपर्यंत घरी पोहोचतात. हजारो मैलांवरच्या मैत्रिणीकडून तो धोका नसतो. अंतर हे या मैत्रीतले न्यून मानले जाते, पण किशोरवयात तेच तिचे मोठे बळ ठरते. शिवाय दोन पत्रांमध्ये आठवडे जात असल्याने लिहिलेले फाडून पुन्हा लिहायला वेळ मिळतो. स्वतःबद्दल नीट विचार करून लिहिण्याची सवय अनेकांना इथेच लागली. अर्थात ही मोकळीक सर्वांना सारखी नव्हती. अनेक घरांत पत्र आधी वडीलधारे फोडून वाचत, आणि त्याची झळ मुलींना जास्त लागे.

बहुतेक पत्रमैत्र्या भांडण न होताच थांबतात. पत्ता बदलतो, दहावी-बारावीचे वर्ष येते, एखादे पत्र गहाळ होते आणि दोघेही दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत राहतात.

२००५ मध्ये पोर्तुगालमध्ये सुरू झालेल्या ‘पोस्टक्रॉसिंग’ या पोस्टकार्डांच्या देवाणघेवाणीच्या संकेतस्थळाने टपालाची गोडी पुन्हा लावली, पण तिथे ज्याला कार्ड पाठवावे त्याच्याकडून नव्हे, तर भलत्याच कोणाकडून कार्ड येते, म्हणून त्याला पत्रमैत्री म्हणणे कठीण. जुन्या रीतीच्या अधिक जवळ जाते ते ‘स्लोली’ हे ॲप. त्यात लिहिलेला मजकूर दोघांमधल्या अंतरानुसार काही तासांनी किंवा दिवसांनी पोहोचतो.