ग्रॅब बारची मापे घेताना वापरणारी व्यक्ती घरी का हवी

“आई सध्या धाकट्या भावाकडे गेली आहे, तेवढ्यात बाथरूमचे काम उरकून टाका,” असे सांगणारे फोन आम्हाला वरचेवर येतात. आईला धुळीचा आणि ड्रिलच्या आवाजाचा त्रास होऊ नये, हा त्यामागचा हेतू आम्हाला समजतो. तरीही ज्यांच्यासाठी ग्रॅब बार (धरून उठण्या-बसण्यासाठी भिंतीला पक्के बसवलेले दांडे) बसवायचे आहेत त्या व्यक्ती स्वतः घरी नसतील, तर आम्ही मापे घेत नाही. हा आडमुठेपणा आहे अशी काही ग्राहकांची समजूत होत असल्याने त्याचे कारण येथे देत आहोत.

बारची उंची कोणत्याही तक्त्यात पाहून ठरवता येत नाही. बाजारातील तक्ते बहुधा शॉवरखाली उभ्याने स्नान करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. आपल्याकडील बहुतेक आजी-आजोबा मात्र स्टुलावर बसून, बादली-तांब्याने अंघोळ करतात, आणि तोल जातो तो अंघोळ झाल्यावर स्टुलावरून उठताना. त्या क्षणी हात बादलीच्या काठाकडे जातो, नळाकडे जातो की टॉवेलच्या दांडीकडे, हे शेजारी राहणाऱ्या मुलालाही नेमके सांगता येत नाही.

म्हणून आम्ही बाथरूम कोरडे असताना त्यांना नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या स्टुलावर आणि नंतर कमोडवर बसवतो आणि दोनदा उठायला सांगतो. पहिल्या वेळी सगळेच आमच्या देखत सावरून, ताठ उठतात. दुसऱ्या वेळी हात सवयीच्या जागी जातो, आणि तळवा टेकतो तेथे आम्ही टाइलवर चिकटपट्टी लावतो. दाराच्या चौकटीवर किंवा फ्लशच्या टाकीच्या कडेला हाताचा मळकट डाग असेल, तर तो आमच्या दृष्टीने कोणत्याही मापाइतकाच उपयोगी असतो.

सुरुवातीच्या काळात आम्हीही फोनवर सांगितलेल्या मापांवरून काम करत असू. एका घरी मुलाने परदेशातून व्हिडिओ कॉलवर बाथरूम दाखवले, आईची उंची सांगितली आणि आम्ही कमोडच्या उजव्या भिंतीवर उत्तम प्रतीचा बार बसवून दिला. अर्धांगवायूनंतर आईंची उजवी बाजूच अधू झाली आहे, हे आई घरी परतल्यावर कळले. मुलाने ते सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही, म्हणजे चूक दोघांचीही होती. बार काढून दुसरीकडे बसवला, पण जुनी सहा छिद्रे तशीच राहिली. त्या नक्षीची टाइल बाजारात मिळेना, आणि ती छिद्रे नीट बुजवली नसती तर त्यांतून भिंतीत पाणी मुरले असते. नवे काम सोडून आमचे दोन दिवस त्यात गेले.

बार “थोडा सरकवून द्या” असे म्हणणे सोपे असते, कारण त्यामागे भिंत असते हे लक्षात येत नाही. फ्लॅटमधील आतील भिंत बहुधा चार इंची विटांची किंवा हलक्या एएसी ब्लॉकची (सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) असते. तिच्यात साध्या प्लगवर (स्क्रूसाठी छिद्रात ठोकलेल्या प्लास्टिकच्या नळीवर) बसवलेला बार टॉवेलचे वजन पेलेल, पण घसरणाऱ्या माणसाचा झटका पेलेलच असे नाही. अशा ठिकाणी आम्ही शक्य असेल तेथे आरपार बोल्ट घेऊन मागे पट्टी देतो, भिंतीतील पाइप कोठून गेले आहेत ते आधी तपासतो आणि काम झाल्यावर आमचा माणूस स्वतः बारला लोंबकळून पाहतो. खर्च अधिक येतो तो यामुळे. व्हॅक्यूमवर चिकटणारे बार आम्ही विकत नाही. ते कधी सुटतील हे त्यांनाही ठाऊक नसते.

याच भेटीत आम्ही दोन गोष्टी आणखी पाहतो. सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी कमोडच्या बैठकीची उंची साधारणतः 450 ते 480 मिमी सांगितली जाते, परंतु पावणेपाच फूट उंचीच्या आजींचे पाय त्यावर अधांतरी राहू शकतात. व्हीलचेअर असेल तर दाराची खरी वाट मोजावी लागते: अडीच फुटी दार उघडल्यावरही 27-28 इंचच जागा उरते, आणि 25-26 इंची खुर्ची त्यातून नेताना बसलेल्याची बोटे चौकटीला घासतात.

कधी कधी “मला काय धाड भरली आहे?” असे म्हणून आई-वडीलच नकार देतात, म्हणून मुले काम त्यांच्या गैरहजेरीत उरकू पाहतात. असा न विचारता बसवलेला बार पुढे ओले कपडे वाळत घालण्याच्या कामी येतो, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. चिकटपट्टी कोठे लावायची हे त्यांनीच ठरवले, की विरोध बराच मावळतो.

भेटीचे शुल्क 500 रुपये असून काम दिल्यास ते बिलातून वजा होते. टाइल्स बदलण्याचा विचार असेल, तर मिस्त्री येण्यापूर्वी आम्हाला कळवावे. त्या वेळी भिंतीत आधाराची पट्टी आधीच बसवता येते आणि पुढे तोडफोड करावी लागत नाही. भेटीसाठी सकाळची वेळ घ्यावी, काळजी घेणाऱ्या मावशी असतील तर त्यांनाही थांबवून घ्यावे, स्टूल आणि बादली नेहमीच्या जागी असू द्यावी, आणि आम्ही येणार म्हणून चौकट व टाइल्स मुद्दाम घासून ठेवू नयेत.