गांध उठली, पण इंजेक्शन कशाचं?

पावसाळ्याच्या शेवटी पुण्याच्या आसपास मोकळ्या प्लॉटांवर गाजरगवत फुललेलं असतं, आणि त्याच सुमारास साधं गवतही फुलतं. परागांच्या ॲलर्जीने नाक गळणाऱ्याला दोन्ही सारखंच. पण परागांविरुद्धची इम्युनोथेरपी, म्हणजे ज्याचा त्रास त्याचाच अर्क वाढत्या मात्रेत देणं, सुरू करायची तर नेमका आरोपी सापडायला हवा. उपचार किमान तीन वर्षं चालतो. चुकीच्या परागावर तो वाया घालवणं परवडत नाही.

शोधाचं साधन म्हणजे स्किन प्रिक टेस्ट. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करून प्रत्येकीजवळ एकेका अर्काचा थेंब टाकतात आणि लॅन्सेटने, म्हणजे बारीक टोकदार सुईने, हलकेच टोचतात. रक्त येत नाही. सोबत दोन थेंब तपासणीच्या तपासणीसाठी: हिस्टामिन, ज्याने गांध उठायलाच हवी, आणि मिठाचं पाणी, ज्याने उठता कामा नये. पंधरा-वीस मिनिटांनी पट्टीने मोजायचं. मिठाच्या पाण्यापेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी गांध म्हणजे पॉझिटिव्ह. सर्दीच्या गोळ्या (अँटिहिस्टामिन) डॉक्टरांना विचारून आठवडाभर आधी बंद कराव्या लागतात. कुणी चुकून घेतलीच, तर हिस्टामिनचा थेंबही थंड पडतो आणि चोरी उघडी पडते. गोळ्या थांबवणं शक्य नसेल, तर रक्तातली आयजीई, म्हणजे ॲलर्जीची प्रतिपिंडं, तपासतात.

खरी गोची पुढे आहे. गांध एवढंच सांगते, की त्या परागाविरुद्धची आयजीई प्रतिपिंडं शरीरात आहेत. त्यानेच शिंका येतात, असं ती सांगत नाही. प्रोफिलिन नावाचं प्रथिन बऱ्याच वनस्पतींच्या परागांत जवळपास सारखंच असतं, त्यामुळे एकाच्या नादात पाच ठिकाणी गांधी उठू शकतात. पाचही अर्क इंजेक्शनाच्या एका बाटलीत घातले, तर प्रत्येकाची मात्रा पातळ होते. बुरशीच्या किंवा झुरळाच्या अर्कातली विकरं (एन्झाइम) तर शेजारच्या परागांची प्रथिनंच तोडून टाकतात.

१९११ साली लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी ही उपचारपद्धती मांडली, तेव्हा तेही रुग्णाच्या डोळ्यात परागांच्या अर्काचा थेंब टाकून किती तीव्रतेला डोळा लाल होतो ते पाहत. आजच्या रुग्णाचं नशीब म्हणायचं!

दम्याचा त्रास आटोक्यात नसेल, तर इंजेक्शनं सुरूच करत नाहीत. आणि रिपोर्टमध्ये दहा पॉझिटिव्ह म्हणून बाटलीतही दहा अर्क असं कुणी सुचवलं, तर तुमच्या शिंकांच्या महिन्यात त्यातलं काय काय फुलतं, एवढं जरूर विचारा.