काळ्या रेषा आधी का झिजतात?

जुना तुर्की गालिचा तिरप्या उजेडात पाहिला, तर तांबड्या-निळ्या आकृत्या किंचित उठून आलेल्या आणि त्यांच्या कडेच्या काळपट रेषा खोल गेलेल्या दिसतात. हे उठावाचे काम विणणारीने मुद्दाम केलेले नसते. पायाखाली सगळी लोकर सारखीच तुडवली जाते. काळी तेवढी आधी झडते, कारण तिच्यात लोह असते.

गडद काळपट छटेसाठी अनातोलियात, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातील भागात, मायफळासारख्या टॅनिनयुक्त वनस्पतिज पदार्थांबरोबर लोहाचे क्षार वापरत. (बाळगुटीत उगाळतात तेच हे मायफळ, म्हणजे ओकच्या झाडावर कीटकामुळे येणारी गाठ.) टॅनिन आणि लोह यांच्या संयोगातून काळा रंग तयार होतो खरा, पण लोह लोकरीच्या प्रथिनाचे ऑक्सिडीकरण वेगाने घडवून आणते, त्यामुळे तंतू ठिसूळ होऊन तुटत जातो.

तांबड्या रंगाला हा शाप नाही. तो आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातील एका वनस्पतीच्या मुळांपासून मिळतो आणि त्यातील मुख्य रंगद्रव्य अलिझारिन हे आहे. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात भिजवली, की तुरटीतील ॲल्युमिनियम एकीकडे लोकरीला आणि दुसरीकडे रंगद्रव्याला धरून ठेवते, म्हणून हा रंग धुण्याने सहसा जात नाही. निळीची तऱ्हा वेगळी. ती पाण्यात विरघळतच नाही. आम्लारिधर्मी पिंपात तिचे क्षपण करून तिला विद्राव्य रूप द्यावे लागते. त्या पिंपातून पिवळट-हिरवी दिसणारी लोकर बाहेर काढली, की हवेतील ऑक्सिजनमुळे ती डोळ्यांदेखत निळी होते. हिरवा रंग बहुधा निळीवर पिवळा चढवून साधत, आणि पिवळा लवकर विटत असल्याने जुन्या गालिच्यातील पाने कधीकधी निळसर दिसतात.

नक्षी अशी कोनदार का, हे कोडे मात्र गाठीपाशी उलगडते. पश्चिम अनातोलियातील गोर्देस गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सममित गाठीत लोकरीचा तुकडा ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या, दोन धाग्यांभोवती गुंडाळून त्याची दोन्ही टोके त्या दोहोंमधून बाहेर काढतात. प्रत्येक गाठ म्हणजे रंगाचा एक ठिपका. खेड्यातील जाडसर गालिच्यात एका चौरस सेंटिमीटरमध्ये असे दहा-पंधराच ठिपके मावतात, त्यामुळे वर्तुळ काढायला जावे तर पायऱ्यांची रांग दिसते. उलट आडवी, उभी आणि तिरकी रेषा स्वच्छ उमटते. अष्टकोन, तारे, हुकांसारख्या वाकड्या आकड्यांच्या किनारी, मेंढ्याची शिंगे आणि कमरेवर हात ठेवलेली ‘एलिबेलिंदे’ ही आकृती या मर्यादेत चपखल बसते. या आकृत्यांना गूढ अर्थ चिकटवण्याची हौस अनेकांना असते. माझ्या मते त्यांच्या आकाराचा उलगडा अर्थापेक्षा गाठींच्या मोजणीतून अधिक होतो. इस्तंबूलजवळच्या हेरेके गावच्या रेशमी गालिच्यात तितक्याच जागेत शंभर गाठी मारल्या जातात, तेव्हा त्याच सममित गाठीतून फुलांच्या वेली सहज वळतात.

या नक्षीच्या कालनिर्णयाला चित्रकारांचाही हातभार लागला. हान्स होल्बाइनच्या १५३३ सालच्या ‘द अँबॅसेडर्स’ या चित्रात दोन उमरावांमधल्या मांडणीवर असाच भौमितिक नक्षीचा गालिचा पसरलेला आहे, आणि त्या धर्तीच्या नमुन्यांना आजही ‘होल्बाइन गालिचे’ म्हणतात. त्याहून जुने, सेल्जुक तुर्कांच्या राजवटीतील गालिचे कोन्या शहरातील अलाएद्दीन मशिदीत सापडले. ते आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहेत.

१८५६ मध्ये विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम रंग बनवला आणि पुढच्या काही दशकांत असे स्वस्त रंग अनातोलियातील खेड्यांपर्यंत पोहोचले. त्यांतील सुरुवातीचे काही इतके कच्चे होते, की गालिचा उलटल्यावर पाठीवर भडक जांभळा दिसतो आणि त्याच ठिकाणी पुढच्या बाजूला फिकट राखाडी उरलेला असतो. जर्मन रसायनतज्ज्ञ हाराल्ड ब्योमर यांनी जुन्या गालिच्यांतील रंगद्रव्यांचे पृथक्करण करून वनस्पतिज रंगांच्या कृती पुन्हा जुळवल्या, आणि १९८१ मध्ये मार्मारा विद्यापीठाच्या सहकार्याने वायव्य तुर्कस्तानातील आयवाजिक परिसरातील खेड्यांत त्या कृतींनी रंगवलेल्या लोकरीचे गालिचे पुन्हा मागावर चढले.