जेनेसिसचा बाज नेमका कधी बदलला?

जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडबद्दल ‘गॅब्रिएल गेला, कॉलिन्स आला आणि जेनेसिसचं पॉप झालं’ हे प्रोग्रेसिव्ह रॉकच्या (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) चाहत्यांच्या तोंडात इतकं बसलंय की तारखा कुणी पाहतच नाही. फिल कॉलिन्स गायक गॅब्रिएल गेल्यावर आलेला नव्हे. तो १९७० पासून या बँडचा ड्रमर होता.

इंग्लंडमधल्या सरे परगण्यात चार्टरहाउस नावाची शाळा आहे. तिथल्या मुलांनी १९६७ मध्ये हा बँड काढला. गायक पीटर गॅब्रिएल, कीबोर्डवर टोनी बँक्स, बास गिटारवर माइक रदरफर्ड. पुढे ड्रमवर कॉलिन्स आणि त्याच्या पाठोपाठ गिटारवर स्टीव्ह हॅकेट आले. १९७२ च्या ‘फॉक्सट्रॉट’ या अल्बममध्ये या पाच जणांनी जवळपास २३ मिनिटांचं एकच गाणं बांधलं.

१९७५ मध्ये गॅब्रिएल बाहेर पडला. नव्या गायकासाठी अनेकांच्या चाचण्या झाल्या. आलेल्यांना चाल समजावून द्यायला कॉलिन्स गाऊन दाखवायचा. अखेर गायकाची जागा त्याच्याकडेच आली. पण १९७६ चे दोन्ही अल्बम लावून बघा. लांबलचक वादन, विषम मात्रांचे ताल, बारा तारांची गिटार, सगळं जागच्या जागी आहे. गळा बदलला, संगीत नाही.

माझ्या मते खरं वळण १९७७ चं. त्या वर्षी हॅकेट बँड सोडून गेला आणि त्याच्याबरोबर गिटारचे ते लांबवलेले, रेंगाळणारे सूरही गेले. रदरफर्डने बास सांभाळून लीड गिटारही अंगावर घेतली. तिघांच्या १९७८ च्या अल्बमवर गाणी आखूड झाली आणि ‘फॉलो यू फॉलो मी’ हे साधंसुधं प्रेमगीत ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर पोचलं.

बाज बदलण्याचं दुसरं कारण ड्रमचं, आणि त्यात गॅब्रिएलचाच हात आहे. त्याच्या तिसऱ्या एकल अल्बमवर वाजवायला कॉलिन्स गेला होता. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत गॅब्रिएलची अट होती: सिंबलला (ड्रमसोबतच्या धातूच्या थाळ्यांना) हात लावायचा नाही. वादकांचं बोलणं काचेपलीकडच्या इंजिनिअरला ऐकू यावं म्हणून तिथे एक मायक्रोफोन असायचा. त्यातून ड्रम ऐकले तर आवाज अफाट फुगलेला. इंजिनिअर ह्यू पॅडगमने तोच धरला आणि त्याचा घुमारा मध्येच छाटला. ठोका पडतो, अख्खी खोली गरजते आणि ती गर्जना विरायच्या आत चिडीचूप.

पॅडगमच मग १९८१ च्या ‘अबॅकॅब’ अल्बमला जेनेसिससोबत बसला. बँडने सरेतच एक शेतघर घेऊन स्वतःचा स्टुडिओ थाटला होता. आपापल्या घरून रचून आणलेल्या गाण्यांवर आता भिस्त नव्हती. तिघं एकत्र बसून वाजवत राहायचे, त्यातून जे हाती लागेल ते गाणं. लांब, गुंतागुंतीच्या रचना मागे पडल्या त्या इथे.

१९८६ च्या जुलैत जेनेसिसचं ‘इनव्हिजिबल टच’ हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्याच आठवड्यात ती जागा गॅब्रिएलच्या ‘स्लेजहॅमर’ने घेतली.